ताठ वेळापत्रक, ढिलं प्रॅक्टिकल

मागच्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, मायक्रोबायॉलॉजी. ग्रॅम स्टेनिंगचं, म्हणजे रंग देऊन जिवाणूंचा गट ओळखायचं, साधं काम दिलं होतं. एका मुलानं स्लाईडवर जिवाणूंचा पातळ थर (स्मिअर) पसरला, क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग टाकला, मिनिटभर थांबला. आयोडीन टाकलं, पुन्हा मिनिटभर थांबला. इथपर्यंतचं सगळं पाठ होतं. मग अल्कोहोलची बाटली उचलली आणि स्लाईडवर धरली ती धरलीच. ही पायरी काही सेकंदांची असते. खाली गळणारं अल्कोहोल बिनरंगी दिसू लागलं की स्लाईड लगेच पाण्याखाली न्यायची. यानं सगळा रंग पार धुऊन काढला. सॅफ्रानिनचा गुलाबी रंग देऊन मायक्रोस्कोपखाली ठेवली तर जिकडंतिकडं गुलाबी. नमुना स्टॅफिलोकोकस या जिवाणूचा होता, म्हणजे जांभळे घोस दिसायला हवे होते. मुलानं मात्र उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, 'ग्रॅम पॉझिटिव्ह, जांभळे, गोलाकार, घोसात.'

"बाळा, तुला जांभळं कुठं दिसलं?"

तो खाली बघत म्हणाला, "सर, जर्नलमध्ये तसंच आहे."

जर्नल मागवून घेतलं. सुरेख अक्षर, रंगीत पेन्सिलीच्या आकृत्या, पानोपानी सही आणि शेवटी शिक्का. तीन वर्षांत स्वतःच्या हातानं किती वेळा स्टेनिंग केलंस, असं विचारलं. एकदा. तेही पाच जणांच्या ग्रुपमध्ये, आणि स्लाईड दुसऱ्याच्या हातात होती.

परतीच्या गाडीला तासभर होता म्हणून बसस्टँडसमोरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन बसलो. तिथला टेक्निशियन माझ्या ओळखीचा. बारावी सायन्स, दोनदा मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली, मग डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका), आणि नऊ वर्षं याच खुर्चीवर. डेंग्यूच्या संशयाचा एक पोरगा आला होता, सोबत घाबरलेले आईबाप. मशीननं प्लेटलेट दाखवल्या 28 हजार. दुसऱ्या कुणी आकडा छापून दिला असता आणि त्या लेकराला त्याच रात्री ॲम्ब्युलन्समध्ये घालून जिल्ह्याला पळवलं गेलं असतं. यानं जांभळ्या टोपणाची नळी उजेडाकडं धरून हळूच तिरपी केली. तळाशी दोऱ्याएवढी बारीक गुठळी होती, प्लेटलेट तिच्यातच अडकल्या होत्या. "रक्त काढल्यावर नळी नीट हलवली नाही पोरीनं," तो पुटपुटला. रक्त पुन्हा घेतलं, नळी आठ-दहा वेळा सावकाश उलटीपालटी केली, मशीनला लावली. 1 लाख 60 हजार. स्लाईडही करून खात्री केली.

या माणसाकडं पदवी नाही. त्याला हवी आहे. मला म्हणाला, "सर, म्या सकाळी आठपासून इथंच आसतो. कालेज हाय आकरा ते पाच. हजेरी लागती पंच्याहत्तर टक्के. कसं जमावं, तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? त्या दिवशी सकाळी मी ज्याला पास केलं, त्याची हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर होती. (हो, पास केलं. नापास केलं असतं तर वर्ग सगळाच नापास करावा लागला असता, आणि एवढं धैर्य माझ्यात त्या दिवशी नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण लपवून हा लेख लिहिता येणार नाही.)

लवचिक पदवीची चर्चा सध्या फार चालते. बायोमेडिकल सायन्ससारखा विषय मराठवाड्यात लवचिक पद्धतीनं शिकवावा का, हा प्रश्न मला गेली दोन-तीन वर्षं बैठकांमधून, पालकांकडून, विद्यार्थ्यांकडून विचारला जातो. माझं उत्तर आहे: शिकवावा, लवकर शिकवावा. पण आधी एक उलटं झालेलं सुलटं करावं लागेल. आपल्या पदवीत जे वाकायला हवं ते लोखंडासारखं ताठ आहे, आणि जे ताठ असायला हवं ते ओल्या चिंधीसारखं लोंबतं आहे. वेळ, वय, हजेरीचा तास, प्रवेशाची तारीख यात कुणी एक दिवस हलू देत नाही. प्रॅक्टिकल मात्र कितीही हलतं.

आधी विषय काय आहे ते सांगतो, कारण यात मोठा घोळ आहे. बायोमेडिकल म्हटलं की अर्ध्या पालकांना मशीन दुरुस्तीचं इंजिनिअरिंग वाटतं आणि उरलेल्यांना 'डॉक्टरच्या खालचं काहीतरी'. प्रत्यक्षात माणसाचं शरीर निरोगी कसं चालतं आणि आजारात त्याचं कुठं काय बिघडतं, हे पेशी, रेणू, रक्त, जनुकं यांच्या पातळीवर शिकायचं शास्त्र म्हणजे बायोमेडिकल सायन्स. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, जनुकशास्त्र, औषधशास्त्र, रक्तशास्त्र, ऊतींचा अभ्यास हे सगळं त्यात येतं. दिल्ली विद्यापीठाच्या काही कॉलेजांत या नावाची बीएस्सी ऑनर्स पदवी आहे. त्याच विद्यापीठात 1991 पासून बायोमेडिकल संशोधनाचं जे केंद्र चालतं, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. आपल्याकडं हाच विषय तुकड्यातुकड्यांनी शिकवला जातो: थोडा झूलॉजीत, थोडा मायक्रोबायॉलॉजीत, थोडा बायोटेक्नॉलॉजीत, आणि हाताचं काम डीएमएलटी किंवा बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीत. तुकडे एकमेकांना भेटत नाहीत.

विद्यार्थी कुठून येणार, हा प्रश्न मराठवाड्यात तरी कुणी विचारू नये. 2024 च्या नीटसाठी देशभरातून 24 लाखांहून जास्त मुलांनी नोंदणी केली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याफार वर. लातूरच्या उद्योग भवन परिसरात संध्याकाळी सहा वाजता उभं राहून बघा. पाठीवर सॅक, हातात वडापाव, एका क्लासमधून दुसऱ्यात निघालेली हजारो लेकरं. यातल्या बहुसंख्यांना एमबीबीएस मिळणार नाही, हे त्यांच्या मास्तरांना माहीत आहे, फक्त बापाला सांगितलेलं नाही. मग रिपीट. मग पुन्हा रिपीट. दरम्यान गावाकडच्या कॉलेजात 'ॲडमिशन ठेवलेलं' असतं. हा आपला खास शब्दप्रयोग आहे. ॲडमिशन घेत नाहीत, ठेवतात, बँकेत दागिना ठेवावा तसं. वर्गात पाय ठेवायचा नाही, परीक्षेला यायचं, जर्नल कुणाकडून तरी लिहून घ्यायचं. दोन वर्षं जीवशास्त्र घासून काढलेली ही मुलं शरीरक्रियाशास्त्राचं पहिल्या वर्षाचं पुस्तक सहज वाचू शकतात. आपण त्यांना ते वाचायला कारणच देत नाही.

आता कागदावर काय आहे ते बघू, कारण कागदावर बरंच काही आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पदवीला मध्येच बाहेर पडायची आणि परत आत यायची दारं दिली. एक वर्ष केलं तर प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका, तीन केली तर पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या आराखड्यानुसार बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करू शकतो. कमावलेले क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मिळणारे श्रेयांक) ॲकॅडमिक बँक नावाच्या डिजिटल खात्यात जमा राहतात. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानं तर कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देण्याची वाट मोकळी केली. म्हणजे बसस्टँडसमोरच्या त्या टेक्निशियनच्या नऊ वर्षांना आज कागदावर किंमत आहे.

कागदावर. माझ्याच वर्गातली एक मुलगी पहिल्या वर्षानंतर लग्न होऊन गेली. हुशार होती, मायक्रोस्कोपवर हात चांगला होता. अडीच वर्षांनी कडेवर लेकरू घेऊन परत आली, "सर, पुढचं करायचंय." नियमानं तिला दार उघडं होतं. ऑफिसमध्ये आधी टीसी मागितला, मग गॅपचं ॲफिडेव्हिट. मग कळलं की आधारवर सासरचं नाव आलंय आणि क्रेडिट जमा आहेत माहेरच्या नावावर. नाव जुळेना म्हणून अर्ज पुढं सरकेना. ते निस्तरेपर्यंत अभ्यासक्रम बदलला होता, आणि जुन्या कोणत्या पेपरच्या बदल्यात नवा कोणता धरायचा याची यादी आली नव्हती. क्लार्क वाईट नव्हता. त्यानंही दोन-चार फोन केले. पण जूनमध्ये सुरू झालेलं हे प्रकरण ऑगस्टच्या शेवटापर्यंत चाललं, तोवर प्रवेशाची तारीख उलटली. ती परत गेली. पुढच्या वर्षी आली नाही. धोरणातल्या तीन वर्षांच्या मुदतीतले तिचे तीन महिने आमच्या खिडकीसमोर उभं राहण्यातच गेले.

लवचिकता म्हणजे धोरणातलं वाक्य, असं समजणाऱ्यांनी तिच्यासारख्या एका मुलीच्या मागं मागं आठवडाभर फिरावं.

आणि मराठवाड्याचं स्वतःचं एक वेळापत्रक आहे, जे विद्यापीठाच्या परिपत्रकात कधी दिसत नाही. दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीन काढणीला येतं आणि घरातला प्रत्येक हात रानात लागतो. दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना, परभणीतून ट्रकच्या ट्रक भरून माणसं उसाच्या फडावर जातात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळं न जाण्याचा प्रश्न नसतो. नवराबायकोचा एक कोयता, एकटा असेल तर अर्धा कोयता. माझ्या वर्गात दोन-तीन अर्धे कोयते दर वर्षी असतात. हिवाळी सत्राची परीक्षा नेमकी याच काळात येते. मुलगा फडावरून कसाबसा दोन पेपरला येतो, बाकीचे राहतात, एटीकेटी लागते, आणि आपण म्हणतो, पोरं अभ्यास करत नाहीत. तो एप्रिलमध्ये परत येतो तेव्हा लॅबला सुट्टीचे वेध लागलेले असतात. मे महिना तो मोकळा असतो, लॅब मोकळी असते, दोघांची भेट होत नाही.

एप्रिल-मेमध्ये सलग सहा आठवडे प्रयोगशाळा चालवली, तर फडावरून आलेल्या मुलाचं एका सत्राचं प्रॅक्टिकल पुरं होतं. एवढ्यासाठी कुणाला नवा कायदा करावा लागत नाही. उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न येईल, हे मान्य. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आम्ही विसरलेलो नाही. स्लाईड धुवायला, ऑटोक्लेव्हला, डिस्टिल्ड वॉटरला पाणी लागतंच. पण ज्या कॉलेजात त्याच मे महिन्यात नीटची क्रॅश बॅच शेकडो मुलांना घेऊन चालते, तिथं वीस मुलांच्या प्रयोगशाळेला पाणी नाही म्हणणं पटत नाही.

आता दुसरी बाजू. लवचिक म्हणजे घरबसल्या, अशी एक समजूत बाजारानं पसरवली आहे. आमच्या बसस्टँडच्या भिंतींवर चिकटवलेली पत्रकं असतात: एका वर्षात लॅब टेक्निशियन, हजेरीची अट नाही, नोकरीची हमी. असल्या ठिकाणचा कागद घेऊन आलेल्या मुलामुलींना मी नळीवर लेबल लावायला शिकवलं आहे. मायक्रोपिपेट हातात दिली की ओढताना थेट दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं, ही गोष्ट व्हिडिओत दहा वेळा बघूनही अंगठ्याला कळत नाही. अंगठ्याला ती शंभराव्या वेळी कळते. मधल्या नव्व्याण्णव वेळा जास्त द्रव ओढला गेलेला असतो, आणि तो नमुना कुणाच्या तरी आईचा असतो.

म्हणून 2025 मध्ये यूजीसीनं मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, पोषणशास्त्र, मानसशास्त्र असे आरोग्याशी जोडलेले विषय दूरस्थ आणि ऑनलाईन पद्धतीनं शिकवणं बंद करायला सांगितलं, तेव्हा आमच्या बऱ्याच मित्रांनी आरडाओरडा केला. मी केला नाही. निर्णय मूळ मुद्द्यावर बरोबर आहे. रक्ताची तपासणी पोस्टानं शिकवता येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. मागचं दार बंद केलं आणि पुढचं उघडलंच नाही. नोकरी करणाऱ्या, संसार सांभाळणाऱ्या, फडावर जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दूरस्थ शिक्षण ही एकच वाट होती. ती बुजवताना त्याच्या जागी संध्याकाळची, रविवारची, उन्हाळ्याची प्रयोगशाळा द्यायला हवी होती. ते झालं नाही.

हिशेब अगदी सोपा आहे. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. दोन क्रेडिटचा पेपर 60 तासांचा. रविवारी सहा तास प्रयोगशाळा चालवली तर दहा रविवार लागतात. सत्रात वीसेक रविवार असतात. म्हणजे लॅबमध्ये आठवडाभर नोकरी करणारा माणूस दर सत्राला दोन प्रॅक्टिकल पेपर रविवारी पूर्ण तासांनिशी करू शकतो. एक तासही माफ न करता. थिअरी त्याला रात्री घरी वाचता येते, ध्वनिफिती ऐकता येतात, चाचण्या मोबाईलवर देता येतात. तीन वर्षांची पदवी पाच-सहा वर्षांत होईल. होऊ द्या. त्याला घाई नाही, घाई आपल्या वार्षिक अहवालाला आहे.

प्रयोगशाळा आहेत का? आहेत, आणि बंद आहेत. मी पाहिलेल्या कॉलेजांपैकी निम्म्यांत तरी अनुदानातून आलेली चांगली उपकरणं प्लास्टिकच्या कव्हरखाली ठेवलेली आहेत. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम येते त्या आठवड्यात कव्हर निघतं. एका ठिकाणी डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर मशीनवर हळदकुंकू वाहिलेलं बघितलं. दसऱ्याचं असावं. त्याच्या वापराच्या नोंदवहीत मात्र दोनच नोंदी होत्या.

याहून मोठी सोय आता सरकारी दवाखान्यांत आहे. 1956 साली संभाजीनगरला वैद्यकीय महाविद्यालय निघालं, ज्याला आपण सगळे घाटी म्हणतो. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण भागातलं वैद्यकीय महाविद्यालय आलं. मग नांदेड, लातूर. गेल्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, आणि 2024 मध्ये जालना व हिंगोली. आज मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे आठही जिल्ह्यांत जिथं रोज खरे नमुने येतात अशी प्रयोगशाळा आहे. बीएस्सीचा विद्यार्थी तिथं पाऊल ठेवू शकत नाही. कारण विज्ञानाची पदवी देणार संभाजीनगर आणि नांदेडची विद्यापीठं, आणि आरोग्यविज्ञानाची पदवी देणार नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. एकाचं खातं उच्च शिक्षण, दुसऱ्याचं वैद्यकीय शिक्षण. बायोमेडिकल सायन्स हा विषय या दोन खात्यांच्या मधल्या बोळात उभा आहे आणि दोन्ही घरं म्हणतात, हे लेकरू आमचं नाही.

ब्रिटनचं उदाहरण द्यायला मला एरवी आवडत नाही, पण इथं उपयोगाचं आहे. तिथं 'बायोमेडिकल सायंटिस्ट' हे नाव कायद्यानं राखीव आहे. नोंदणी झाल्याशिवाय कुणी ते लावू शकत नाही. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी लागते आणि शिवाय मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत काम करत प्रशिक्षणाची नोंदवही पुरी करावी लागते. त्यातली प्रत्येक गोष्ट पुराव्यानिशी दाखवायची असते. ही पदवी अर्धवेळ, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करता करताही घेता येते. वर्षं कितीही लागोत, नोंदवहीतली एक ओळही सुटत नाही. आमच्या जर्नलची आणि त्या नोंदवहीची तुलना करून बघा, म्हणजे लवचिकपणा कुठं हवा आणि कुठं नको ते कळेल.

आता मित्रमंडळींचे आक्षेप. एक जण म्हणतो, पदवी घेऊन करायचं काय? सही तर पॅथॉलॉजिस्टची. खरं आहे. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही करणारा हा पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टरच हवा. बायोमेडिकल सायन्सचा पदवीधर स्वतःच्या सहीनं लॅब चालवू शकणार नाही, आणि हे त्याला पहिल्याच दिवशी स्वच्छ मराठीत सांगितलं पाहिजे. पण सहीच्या आधीचं जे काम आहे, नमुना बरोबर घेतला का, मशीनचं रोजचं कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेल्या नमुन्याची तपासणी) जुळतं का, आकडा आणि स्लाईड एकच गोष्ट सांगतात का, ते याच माणसाचं आहे. लॅब मोठी असो की छोटी, हे काम बिघडलं तर वरची सही काही वाचवत नाही. शिवाय औषध कंपन्यांचं गुणवत्ता नियंत्रण आहे, रक्तपेढ्या आहेत, पुढं एमएस्सी आणि संशोधन आहे.

2021 च्या सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यानं मेडिकल लॅबोरेटरी आणि लाईफ सायन्सेस या गटाला देशपातळीवर व्यवसाय म्हणून मान्यता दिली. त्या कायद्यात सहयोगी व्यावसायिकासाठी किमान 2000 तास आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3600 तासांच्या शिक्षणाची अट आहे. तास. सह्या नव्हेत. नवी पदवी आखताना तिचा अभ्यासक्रम या अटीत बसतो की नाही, हे आधी बघावं आणि मगच जाहिरात द्यावी. तसंच एक वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला मिळणारं जे प्रमाणपत्र आहे, त्यावर तरी मला फार शंका आहे. एका वर्षाच्या बायोमेडिकल प्रमाणपत्रावर कायदेशीर नोकरी कोणती मिळते? कुणी सांगू शकलेलं नाही. बाहेर पडायचं दार असावं, पण त्यावर 'नोकरीची संधी' अशी पाटी लावू नये. ते दार थांबण्यासाठी आहे, परत येण्यासाठी आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो, कारण तो माझ्याच बाजूच्या माणसांचा आहे. ते म्हणतात, लवचिक पदवी म्हणजे गरिबांसाठी हलकी पदवी. शहरातल्या पोराला पूर्णवेळ, वसतिगृह, लायब्ररी. आणि आमच्या पोराला रविवार. ही भीती खोटी नाही. मराठवाड्याला दुय्यम वस्तू मिळण्याचा मोठा अनुभव आहे. 1958 पर्यंत आपल्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. इथल्या कॉलेजांची नाळ हैदराबादच्या उस्मानियाशी होती. पण या भीतीला उत्तरही आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून. चार वर्षांनी त्याच संस्थेचं मिलिंद महाविद्यालय औरंगाबादला उभं राहिलं. वेळ बदलली म्हणून पदवी हलकी झाली, असं त्या कॉलेजांबद्दल कुणी म्हणू धजणार नाही. पदवी हलकी होते परीक्षा हलकी केल्यानं.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीवर आहे: हाताची परीक्षा सगळ्यांना एकच. पूर्णवेळ असो, रविवारचा असो, फडावरून आलेला असो. पंधरा-वीस कामांची यादी करा. स्टेनिंग, पिपेटनं अचूक मोजमाप, रक्ताचा पातळ स्मिअर, हिमोग्लोबिन, कल्चर प्लेटवर वेगळ्या वसाहती मिळवणं, कंट्रोलचा आलेख वाचून मशीन आज वापरायचं की नाही ते ठरवणं. प्रत्येक काम दुसऱ्या कॉलेजच्या परीक्षकासमोर एकट्यानं करून दाखवायचं. जमलं की टिक, नाही जमलं की महिन्याभरानं पुन्हा या. गुण नकोत, ग्रेस नको, ग्रुप नको. जर्नल तर पूर्ण बंद करा; त्याऐवजी स्वतः काढलेली आणि फसलेलीसुद्धा स्लाईड तारखेसह जपून ठेवायला लावा. आणि ज्या टेक्निशियनकडं नऊ वर्षांचा अनुभव आहे, त्यानं पहिल्याच दिवशी येऊन बारा टिक मिळवल्या तर त्याला तेवढे क्रेडिट त्याच दिवशी द्या.

भाषेचा मुद्दा थोडक्यात. व्याख्यान मराठीत द्यावं, संज्ञा इंग्रजीच ठेवाव्यात, आणि तोंडी परीक्षेत मुलाला मराठीत बोलू द्यावं. 'अँटिबॉडी' म्हणजे काय ते ज्याला मायबोलीत आजीला समजावता येतं, त्याला ते कळलेलं असतं. यावर वाद घालणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

शिकून ही मुलं इथलेच प्रश्न हातात घेतील, असं मला वाटतं, आणि प्रश्नांची इथं कमी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. त्यातल्या किती जणींचं लोहाच्या कमतरतेनं, किती जणींचं बी-12 च्या, किती जणींचं आणखी कशानं, हे गोळ्या वाटून कळत नाही. ते गावोगाव नमुने घेऊन, नीट तपासून कळतं. फडावरच्या बाईच्या पाळीवर आणि ऊन-श्रमावर बोलणारे खूप आहेत. तिचं रक्त घेऊन त्याचे आकडे पाच वर्षं जपून ठेवणारं कुणी नाही. तिचाच मुलगा माझ्या वर्गात बसतो, दिवाळीपर्यंत.

या जूनमध्ये मी आमच्या कॉलेजात रविवारच्या प्रयोगशाळेचा अर्ज दिला. पगार नको म्हणून लिहून दिलं. अर्ज तीन टेबलांवरून फिरून शेरा घेऊन परत आला: सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडल्यास जबाबदारी कोणाची, शिपायाचा जादा भत्ता कोणत्या हेडखाली, विजेचं बिल कोणत्या हेडखाली. प्रश्न चुकीचे नाहीत, म्हणून तिन्हींची उत्तरं लिहून पुन्हा दिला आहे. शिपाईमामांनाही विचारलं. ते म्हणाले, "मला भत्ता नको सर, मी तसाही रविवारी इथंच आसतो, झाडांना पाणी घालायला. पण किल्ली हाये ऑफिसात. शनिवारी दोनला जमा करावी लागती."

बसस्टँडसमोरच्या टेक्निशियनला हे सांगितलं. तो हसला आणि सोमवारी सकाळी आठच्या आधी किल्ली मिळते का, ते विचारून ठेवायला सांगितलं.